मृगापूर्वी यंत्रांचे ग्रीस निवडताना

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, पॉवर टिलर, रोटाव्हेटर आणि चिखलणीची लोखंडी चाके यांची देखभाल उरकून घ्यावी. या कामात ग्रीसची निवड सर्वांत दुर्लक्षित राहते, आणि कोकणात तिचीच किंमत सर्वाधिक मोजावी लागते. आपल्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी वर्षाला २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, चिखलणीच्या वेळी यंत्राचा खालचा भाग तासन्‌तास पाण्यात असतो आणि खाडीकाठच्या खाजणात त्या पाण्याला मीठही असते. त्यामुळे इथे ग्रीस किती उष्णता सोसते यापेक्षा ते पाण्यात किती टिकते हा प्रश्न आधी विचारावा.

ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट करणाऱ्या पदार्थाने धरून ठेवलेले तेल. पाण्यात ते कसे वागेल हे मुख्यतः त्या साबणावर ठरते. सोडियम साबणाचे ग्रीस पाण्यात कालवले जाऊन वाहून जाते, म्हणून ते शेतीच्या यंत्रांना वापरूच नये. साधे कॅल्शियम ग्रीस पाण्यात चांगले टिकते आणि स्वस्तही असते, परंतु सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते भरवशाचे राहत नाही. संथ फिरणाऱ्या, न तापणाऱ्या भागांना ते पुरते. लिथियम ग्रीस सर्वसाधारण कामाला उत्तम आहे आणि १२० अंशांच्या आसपासपर्यंत काम देते, मात्र सतत चिखलात बुडणाऱ्या बेअरिंगमधून ते हळूहळू धुऊन निघते. कॅल्शियम सल्फोनेट प्रकारचे ग्रीस पाणी, गंज आणि जड भार या तिन्हींना तोंड देते. ते महाग पडते, तरीही रोटाव्हेटरच्या टोकाच्या बेअरिंगसाठी, विशेषतः खाजणातल्या शेतीसाठी, माझा कल स्पष्टपणे त्याच्याकडेच आहे, कारण ऐन लावणीत बेअरिंग जाम झाले तर फक्त सुटा भाग नव्हे, पावसाचे दिवसही वाया जातात.

दुकानात बहुतेक जण ‘दोन नंबर ग्रीस द्या’ एवढेच सांगतात. हा नंबर, म्हणजे एनएलजीआय श्रेणी, केवळ घट्टपणा सांगतो. साबण कोणता आणि आतले तेल किती दाट, हे त्यावरून कळत नाही. रंगावरूनही काही ठरवू नये, कारण निळा, लाल किंवा पिवळा रंग उत्पादक आपल्या सोयीने घालतात. डब्यावरचा साबणाचा प्रकार वाचावा, आणि धक्के व जड भार सोसणाऱ्या जोडांसाठी ‘ईपी’ (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे अतिदाब सोसणारे) ही अक्षरे पाहावीत.

दोन वेगळ्या साबणांची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत. काही जोड्या एकत्र येताच पातळ होऊन सीलमधून, म्हणजे बेअरिंगच्या तोंडाशी बसवलेल्या रबरी कड्यातून, गळून जातात. प्रकार बदलायचा असल्यास बेअरिंग उघडून जुने ग्रीस रॉकेलने वा डिझेलने धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि मगच नवे भरावे. उघडता येत नसेल, तर नवे स्वच्छ ग्रीस बाहेर दिसेपर्यंत ग्रीस गनने जुने ढकलून काढावे. बाहेर आलेले ग्रीस दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे; अशा वेळी ऑइल सील तपासल्याशिवाय यंत्र शेतात नेऊ नये.

भातगिरणीची आणि पंपाची मोटर ही वेगळी बाब आहे. तिथे वेग जास्त, पाणी कमी. बेअरिंगमधील मोकळ्या जागेच्या एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंतच ग्रीस भरावे, कारण अति भरल्याने ते घुसळून बेअरिंग तापते. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बेअरिंगला ग्रीस देण्याची गरज नसते. गिरणीत जिथून ग्रीस तांदळाला लागण्याची शक्यता आहे, तिथे खाद्यपदार्थांसाठीचे, ‘एच-१’ श्रेणीचे ग्रीसच वापरावे. टिलरच्या गिअरबॉक्समध्ये मात्र ग्रीस नव्हे, उत्पादकाने सांगितलेले तेलच घालावे.

चिखलणी सुरू झाल्यावर वेळ महत्त्वाची ठरते. अनेक जण सकाळी शेतात जाताना ग्रीस मारतात. त्याऐवजी संध्याकाळी यंत्र धुतल्यावर लगेच मारावे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर ढकलले जाते आणि रात्रभर लोखंडाला गंज चढत नाही. धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर धरू नये, आणि गन लावण्यापूर्वी निप्पल, म्हणजे ग्रीस भरण्याचे छोटे तोंड, फडक्याने पुसून घ्यावी, नाहीतर तिथली रेती आपणच आत ढकलतो.