कॉम्पिटिशन लॉ प्रॅक्टिसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी, थोडं अनुभवातून

बरेच ज्युनिअर विचारतात की कॉम्पिटिशन लॉमध्ये (बाजारातली स्पर्धा नीट राहावी म्हणून असलेला कायदा) यायचं तर कुठला कोर्स करू, एलएलएम बाहेरून करू का, इकॉनॉमिक्स येत नाही तर चालेल का. मी बरीच वर्षं लॉ फर्ममध्ये हेच काम करतोय, जास्त करून कंपन्यांना कंप्लायन्सचा, म्हणजे कायदा मोडला जाऊ नये म्हणून काय करायचं याचा, सल्ला द्यायचं, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा. कायदा लवकर येतो हो, लोकांकडून खरी माहिती काढायला शिकणं उशिरा येतं, आणि क्लायंट पैसे मोजतो ते या दुसऱ्या गोष्टीसाठी.

कायद्याचा सांगाडा खरंच छोटा आहे. अमेरिकेचा शर्मन अ‍ॅक्ट १८९० चा, युरोपात युरोपियन युनियनच्या करारातली कलमं १०१ आणि १०२, भारतात २००२ च्या कॉम्पिटिशन अ‍ॅक्टमधली कलमं ३ आणि ४ आणि मर्जरसाठी, म्हणजे विलीनीकरणासाठी, ५ आणि ६. शब्द वेगळे पण गाभा तोच: स्पर्धकांनी आपसात साटंलोटं करायचं नाही, बाजारात दादा असलेल्या कंपनीने ताकद गैर वापरायची नाही आणि मोठी विलीनीकरणं आधी मंजुरी घेऊनच करायची.

मर्जर फायलिंग, म्हणजे विलीनीकरणाच्या मंजुरीचा अर्ज, हे सुरुवातीला सगळ्यांच्या वाट्याला येतं, आकडे गोळा करा, मार्केट शेअरचे तक्ते भरा, डेडलाइन सांभाळा. शिस्त लागते त्याने, पण तेवढ्यावर थांबू नका.

खरी मजा कंप्लायन्समध्ये आहे असं मला मनापासून वाटतं. समोर सेल्स टीम बसलेली असते, टार्गेट सोडून दोन तास ट्रेनिंगला बसवलंय, त्यांना कलम वाचून दाखवलं की संपलं, कोणी ऐकत नाही. त्याऐवजी विचारायचं, स्पर्धकाची नवी रेट लिस्ट तुमच्याकडे आली कुठून? ग्राहकाने घासाघीस करताना दाखवली असेल तर सहसा अडचण नसते, फक्त कोणी दिली आणि कधी दिली ते त्याच कागदावर लिहून ठेवा म्हणायचं, कारण तीन वर्षांनी तपास अधिकाऱ्याच्या हातात तो कागद पडला की ती एक ओळ कंपनीला वाचवू शकते. पण थेट स्पर्धकाच्या माणसाने पाठवली असेल तर ट्रेनिंग तिथेच थांबवून वेगळ्या खोलीत बोलायला बसायचं. अजून एक प्रश्न हमखास कामाचा, ट्रेड असोसिएशनची (एकाच धंद्यातल्या कंपन्यांच्या संघटनेची) मीटिंग संपल्यावर मागे कोण कोण थांबतं? मिनिट्समध्ये सगळं स्वच्छ असतं, भानगड होते ती मिनिट्सच्या बाहेर. भारतातली बिअर कंपन्यांची केस वाचा, २०२१ चा कॉम्पिटिशन कमिशनचा आदेश, त्यात कंपन्यांनी किमतींबद्दल समन्वय साधायला ट्रेड असोसिएशनचं व्यासपीठ कसं वापरलं ते ईमेल्ससकट दिसतं. एकूण दंड ८७३ कोटींच्या आसपास.

आणि त्याच केसमध्ये ज्या कंपनीने आधी येऊन कबुली दिली तिला दंड पूर्ण माफ. याला लीनियन्सी म्हणतात आणि हे नीट समजल्याशिवाय या प्रॅक्टिसमधली घाई कळणार नाही. युरोपातल्या ट्रक कंपन्यांच्या कार्टेलमध्येही (कार्टेल म्हणजे स्पर्धकांचं आपसातलं साटंलोटं) तेच, २०१६ ला बाकी कंपन्यांना मिळून २.९३ अब्ज युरो दंड आणि माहिती देणाऱ्या एमएएन या ट्रक कंपनीला शून्य. पहिला येईल त्याला पूर्ण माफी, दुसऱ्याला मिळाली तर थोडी सूट. म्हणून ऑडिट करताना संशयास्पद ईमेल सापडला की रिपोर्ट छान फॉरमॅट करत बसायचं नाही, लगेच सीनियरला फोन, कारण रांगेतली जागा धरून ठेवायला मार्कर लावायचा असतो, म्हणजे तपास यंत्रणेकडे आपली नोंद आधी करून ठेवायची असते, आणि दुसऱ्या कंपनीचा वकील कदाचित त्याच दिवशी तेच करतोय.

डॉन रेडची, म्हणजे तपास अधिकाऱ्यांच्या अचानक धाडीची, तयारी हाही कंप्लायन्सचाच भाग. इथे डायरेक्टरपेक्षा रिसेप्शनवरचा माणूस, सिक्युरिटी आणि आयटीवाले यांना शिकवणं जास्त गरजेचं आहे, कारण अधिकारी सकाळी येतात तेव्हा पहिली गाठ त्यांच्याशी पडते. वॉरंट बघा, वकिलाला फोन करा, अडवू नका, काही डिलीट करू नका. अधिकाऱ्यांनी रात्री खोलीला सील लावलं तर सफाई कामगारापर्यंत सगळ्यांना सांगायचं की हात लावायचा नाही. जर्मनीत एऑन या ऊर्जा कंपनीच्या ऑफिसमधलं एक सील तुटलेलं सापडलं त्यावर २००८ मध्ये ३८ दशलक्ष युरो दंड झाला, कार्टेल सिद्ध व्हायचा प्रश्न वेगळाच, हा दंड फक्त सीलचा. ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं की खोलीत शांतता होते.

इन-हाऊस जॉब, म्हणजे कंपनीतच वकिलाची नोकरी, करणार असाल तर अ‍ॅक्झो नोबेल या केमिकल कंपनीच्या केसमधला २०१० चा युरोपियन कोर्टाचा निकाल वाचाच. युरोपियन कमिशनच्या तपासात कंपनीच्या पगारी वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला गोपनीयतेचं संरक्षण मिळत नाही, बाहेरच्या वकिलाशी झालेल्याला मिळतं. म्हणजे नाजूक सल्ला कोणी, कुठे लिहायचा हे आधीच ठरवावं लागतं.

इकॉनॉमिक्सची भीती नको, पण टाळूही नका. केळी विकणाऱ्या युनायटेड ब्रँड्स कंपनीची १९७८ ची युरोपियन कोर्टातली केस घ्या. प्रश्न काय, तर केळी हे वेगळं मार्केट की सगळी ताजी फळं मिळून एक मार्केट? कंपनीला मोठं मार्केट हवं होतं म्हणजे तिचा वाटा छोटा दिसेल. कोर्ट म्हणालं केळ्याचं मार्केट वेगळं, लहान मुलं, म्हातारे आणि आजारी लोक यांना दुसरं फळ तसं चालत नाही. ही केस नीट पचली की किंमत पाच-दहा टक्क्यांनी वाढली तर ग्राहक दुसरीकडे जाईल का, ही चाचणी आपोआप समजते, आणि मग इकॉनॉमिस्टच्या रिपोर्टमध्ये गृहीतक कुठे कच्चं आहे ते विचारता येतं. आपल्याला आकडेमोड करायची नसते, प्रश्न विचारायचे असतात.

फर्म कुठली निवडायची तर माझ्या मते नावापेक्षा हे बघा की ज्युनिअरला क्लायंटच्या लोकांच्या मुलाखतींना बसवतात का. मोठ्या फर्ममध्ये केसेस मोठ्या पण कदाचित वर्षभर नुसता डॉक्युमेंट रिव्ह्यूच कराल, छोट्या बुटीक फर्ममध्ये लवकर समोर बसायला मिळतं पण शिकवणारा एकच पार्टनर. डॉक्युमेंट रिव्ह्यूला मात्र कमी लेखू नका, हजारो ईमेल वाचल्यावरच कळतं की किमतीबद्दल खरं बोलणं लोक किती साध्या भाषेत करतात.

इंटरव्ह्यूला येताना सर्टिफिकेटांची थप्पी आणण्यापेक्षा एक करा, कुठल्याही एका कार्टेलचा पूर्ण आदेश वाचा, पुराव्यांचा भाग दोनदा, आणि त्यावर सेल्स मॅनेजरला कळेल अशी एक पानी नोट लिहा, एकही कलम न लिहिता. मी उमेदवारांकडे तीच मागतो.