पेन ड्राइव्ह ‘फॉरमॅट करा’ म्हणतोय? थांबा जरा

फेब्रुवारीत दिंडोरीकडचे एक काका पंचवटीतल्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात आले. 16 जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यात द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी. माल निर्यातीला जायचा होता, व्यापाऱ्याला नोंदी त्याच दिवशी हव्या होत्या. आणि ड्राइव्ह लावला की विंडोजचं एकच पालुपद : आधी फॉरमॅट करा.

“करून टाका ताई, मग बघू.”

असं ‘करून टाकणं’ मी एकदा स्वतःच्या ड्राइव्हवर केलंय, वर नव्या लग्नपत्रिकाही भरल्यात. साध्या फॉरमॅटने फायलींची यादी पुसली जाते, मजकूर बराचसा तसाच पडून असतो. त्यावर नवं काही लिहिलं की मात्र तो गेलाच. म्हणून अशा ड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही. विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चेकडिस्कही नको, ते दुरुस्ती करतं म्हणजे त्याच ड्राइव्हवर लिहितं.

आधी ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावून पाहा. पुढचे पोर्ट वायरीने जोडलेले असतात, कधी तिथेच ढिलं असतं. मग विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा, त्यात जोडलेले सगळे ड्राइव्ह दिसतात. आकार 14-15 जीबी आणि ‘रॉ’ (म्हणजे विंडोजला आतली मांडणी ओळखता येत नाहीये) दिसलं, तर आशा आहे. ‘नो मीडिया’ दिसलं, तर आतला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, मेमरीपर्यंत पोचतच नाहीये. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. डेटा मोलाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्या लॅबमध्ये द्या, नाहीतर सोडून द्या.

काकांचा ‘रॉ’ होता. मी दुसऱ्या ड्राइव्हवरून उबंटू (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) चालू केलं आणि डीडीरेस्क्यू या नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने अख्ख्या पेन ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर घेतली. हे आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांकडे मागाहून वळतं. कुठवर वाचून झालं याची नोंद, म्हणजे मॅपफाइल, ठेवली तर मध्येच वीज गेली तरी पुढून सुरू करता येतं. कुठून आणि कुठे, हे मात्र दोनदा तपासा; उलटं झालं तर रिकाम्या जागेची नक्कल खऱ्या डेटावर बसेल. ड्राइव्ह मरायला टेकलेला असला, तर ही इमेजच तुमची शेवटची संधी असते. पुढचं सगळं काम इमेजवरच करायचं.

फायली परत काढणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी टेस्टडिस्क आधी चालवते, कारण फायलींची यादी शाबूत सापडली तर फायली नावांसकट मिळतात. काकांची नाही सापडली. मग फोटोरेक. ते यादी बघतच नाही, फाइल कुठल्या बाइट्सनी सुरू होते त्यावरून ओळखतं. फुकट आहे, पण नावं जातात, आणि तुकड्यातुकड्यांत साठवलेली फाइल अर्धवट येऊ शकते. एक गोष्ट मला उशिरा कळली : नव्या एक्सेल आणि वर्ड फायली त्यात ‘झिप’ या प्रकाराखाली आहेत. फक्त तेवढीच खूण ठेवली की गाण्यांचा, फोटोंचा ढीग येत नाही.

शे-दीडशे फायली निघाल्या, नावाच्या जागी नुसते आकडे. काका शेजारी बसले आणि एकेक उघडल्यावर “ही नाही, ही विहिरीकडच्या प्लॉटची, ही घ्या” करत गेले. हवी ती संध्याकाळी पाचला सापडली. मी ती त्यांना ईमेल केली आणि पेन ड्राइव्हवर मार्करने फुली मारली.

“द्या इकडं,” काका म्हणाले, “ट्रॅक्टरमध्ये गाण्यांना चालेल.”