फुफ्फुसाच्या बायॉप्सीत मार्करचा क्रम कसा ठरवावा आणि निकाल कसा वाचावा

फुफ्फुसातील गाठीतून सुईने काढलेला तुकडा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि कर्करोगाचे निदान, त्याचा प्रकार व पुढील जनुकीय चाचण्या हे सारे त्यातूनच साधायचे असते. म्हणून तो १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ आणि कमाल ७२ तास ठेवावा, आणि नेहमीच्या हेमॅटॉक्सिलिन-इओसिन रंजनाची स्लाइड नीट पाहिल्याशिवाय एकही मार्कर (पेशीतील ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) मागवू नये. ग्रंथींची रचना (म्हणजे ग्रंथीपेशींसारखा कर्करोग, ॲडेनोकार्सिनोमा) किंवा केराटिन हे कठीण प्रथिन (म्हणजे चपट्या आवरणपेशींसारखा कर्करोग, स्क्वॅमस कार्सिनोमा) स्पष्ट दिसत असेल, तर प्रकार ठरवण्यासाठी बहुधा मार्कर लागतच नाही.

रचना अस्पष्ट असेल तेव्हा टीटीएफ-१ आणि पी४० ही जोडी आधी वापरावी. गर्भावस्थेत फुफ्फुस घडवणारे टीटीएफ-१ हे प्रथिन पुढेही वायुकोशांच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींत टिकून राहते; त्यामुळे सुमारे तीन चतुर्थांश ॲडेनोकार्सिनोमांत ते सापडते. पी४० हे स्क्वॅमस कार्सिनोमाचे लक्षण होय, मात्र बहुतेक पेशींत ठळक दिसले तरच. अनेक ठिकाणी सवयीने अजूनही पी६३ मागवले जाते. ते काही ॲडेनोकार्सिनोमांतही रंगत असल्याने या प्रश्नासाठी ते मला गैरसोयीचेच वाटते.

ही दोन्ही प्रथिने केंद्रकात असतात, तेव्हा केवळ पेशीद्रवातील रंग धरू नये. खरी चूक मात्र वेगळ्याच ठिकाणी होते: गाठीत अडकलेल्या निरोगी वायुकोशपेशी टीटीएफ-१ने आणि भक्षकपेशी नॅप्सिन-ए या ॲडेनोकार्सिनोमाच्या दुसऱ्या मार्करने रंगतात, आणि घाईत तो रंग कर्करोगाच्या नावावर जमा होतो. रंगलेली पेशी कर्कपेशीच आहे का, हे मूळ स्लाइडशी ताडून पाहावे. शिवाय थायरॉइडच्या कर्करोगातही टीटीएफ-१ आढळते, तर फुफ्फुसाच्या श्लेष्मल ॲडेनोकार्सिनोमात ते अनेकदा नसते. म्हणून मूळ अवयवाचा निर्णय एकट्या मार्करवर सोडू नये.

सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६ आणि आयएनएसएम१ हे मार्कर पेशींचे रूप न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके स्रवणाऱ्या, चेतापेशींसारख्या पेशींचे) वाटले तरच लावावेत. चिरडलेल्या नमुन्यात विभाजित होणाऱ्या पेशी दाखवणारे केआय-६७ फार उपयोगी पडते, कारण कार्सिनॉइड या संथ वाढणाऱ्या गाठीत ते कमी असते आणि स्मॉल सेल कार्सिनोमा या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगात बहुतांश पेशी रंगतात. पेशीविभाजनाला लगाम घालणारे आरबी प्रथिन स्मॉल सेल कार्सिनोमात सहसा नाहीसे झालेले असते, त्यामुळे त्याचा अभावही निदानाला बळ देतो.

नेमके औषध निवडण्यासाठी एएलके (कर्कपेशींची वाढ चालवू शकणारे प्रथिन) आणि पीडी-एल१ (कर्कपेशींना प्रतिकारशक्तीपासून वाचवणारे प्रथिन) पाहिले जातात. पीडी-एल१ मोजताना किमान १०० जिवंत कर्कपेशी हव्यात. पेशीपटल रंगलेल्या कर्कपेशींचे प्रमाण १ आणि ५० टक्के या मर्यादांच्या संदर्भात नोंदवतात. ईजीएफआर या जनुकातील बदल शोधण्यासाठी मात्र प्रथिनाचे रंजन जनुकीय चाचणीची जागा घेऊ शकत नाही. तिच्यासाठी लागणारे न रंगवलेले काप पहिल्याच कापणीत बाजूला काढून ठेवावेत, कारण ऊती बसवलेला मेणाचा ब्लॉक दुसऱ्यांदा यंत्रावर चढवून समतल करताना मोलाची ऊती वाया जाते.