लेकीकडे ह्यूस्टनला जाताय? रविवारचं आधी ठरवा

आमच्या सोलापूरच्या चर्चच्या मंडळीतून दरवर्षी कुणी ना कुणी लेकाकडे, लेकीकडे अमेरिकेला जातं आणि व्हिसा आला की माझ्याकडे येतं. "बाई, तिकडं चर्चचं कसं करायचं?" मी दोनदा ह्यूस्टनला राहून आले, एवढंच माझं भांडवल.

आधी पाटी नीट वाचा. 'इव्हँजेलिकल' दिसलं की आत गिटार आणि ड्रम असणार असं आपण धरून चालतो. तसं नसतं. जर्मनीत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची माणसं, म्हणजे लुथरन, स्वतःला सुवार्तेची माणसं (इव्हँजेलिकल) म्हणवत, तोच शब्द नावात राहिला. तीन लुथरन मंडळं 1988 मध्ये एकत्र येऊन झालेल्या, शिकागोला मुख्य कचेरी असलेल्या ई.एल.सी.ए.च्या (इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका) नावातही तो आहे. तिथं मात्र झगा घातलेले पाळक, मेणबत्त्या, बाकावर गीतपुस्तक. उलट तिकडचे लोक ज्या गिटार-ड्रमवाल्या चर्चना इव्हँजेलिकल म्हणतात, त्यांच्या पाटीवर पुष्कळदा हा शब्दच नसतो.

लुथरनांतही एल.सी.एम.एस. म्हणजे मिसूरी सिनॉड हे चर्चमंडळ वेगळं, 1847 पासूनचं. ई.एल.सी.ए.त बाई पाळक असते, मिसूरीत नाही. तुमचं काम अडतं ते प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला. आपल्याकडे बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेला पाहुणा सहज पुढे जातो. मीही एका लहानशा लुथरन चर्चमध्ये रांगेत उभी राहिले, कठड्याशी गुडघे टेकले, हात पुढे केले. पाळकांनी हातावर भाकर ठेवली नाही. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढच्या माणसाकडे वळले. कान तापले माझे! चूक माझीच. विश्वासाची शिकवण एक असलेल्यांनीच मेजाशी यावं, असा काही ठिकाणी नियम असतो आणि तो उपासनेच्या पत्रिकेत छापलेलाही होता. म्हणून उपासनेआधी दाराशी उभ्या माणसाला विचारा. प्रभुभोजन घ्यायचं नसेल तर छातीवर हातांची फुली करून पुढे जा, आशीर्वाद मिळतो. द्राक्षारस खरा, म्हणजे मद्यच असतो. नको असेल तर द्राक्षांचा साधा रस आहे का तेही तेव्हाच विचारा.

आता मेगाचर्च. आठवड्याला सरासरी दोन हजार किंवा जास्त माणसं येतात त्याला हे नाव. ह्यूस्टनचं लेकवुड तर 2005 पासून बास्केटबॉलच्या जुन्या स्टेडियममध्ये भरतं, सोळा हजारांच्या आसपास खुर्च्या. 1959 मध्ये जनावरांच्या खाद्याच्या जुन्या दुकानात सुरू झालेली ही मंडळी. आत क्रूस शोधू नका, व्यासपीठामागे सोनेरी पृथ्वीचा गोल फिरतो. एकदा जरूर बघा. आपली गड्ड्याची जत्रा पाहिलेल्या माणसाला गर्दीचं काय वाटायचं, पण आवाजाचं वाटतं. कानात घालायला कापूस न्या.

अशा मोठ्या चर्चमध्ये नातवंडं बरोबर असतील तर अर्धा तास आधी पोचा. मुलांच्या खोलीबाहेर नाव नोंदवलं की दोन चिकटपट्ट्या निघतात, एक मुलाच्या पाठीवर, एक तुमच्याकडे, दोन्हींवर एकच आकडा. मी माझी पर्समध्ये कोंबली आणि नंतर सापडेना. लेक पार्किंगमधून येईपर्यंत नातू काचेपलीकडून हात हलवतोय आणि मी इकडे! पट्टी साडीच्या पदरालाच चिकटवा.

तिथं तुम्हाला कुणी ओळखणार नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. ओळख होते ती घरोघरी भरणाऱ्या छोट्या गटांत. बाहेरच्या टेबलावर आपल्या भागातला गट विचारा. तीन-चार महिन्यांसाठी जात असाल तर माझं मत लहान लुथरन चर्चकडे झुकतं. दुसऱ्या रविवारी मला नावानं हाक आली, तीही बरीच मोडून.

उपासनेनंतर कॉफी असते, कधी प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण. शेंगाचटणी जरूर न्या, पण वाटीपुढे 'यात शेंगदाणे आहेत' अशी इंग्रजीत मोठी चिठ्ठी ठेवा. तिकडे काहींना शेंगदाणा अजिबात चालत नाही, जिवावर बेततं. तिखटाची चिठ्ठी मी लावली नव्हती. पाळकांनी चटणी चमच्यानं खाल्ली.