कॅथलॅबच्या सर्टिफिकेटची तयारी अनुभवपत्रापासून करा

वाशीच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाची अँजिओग्राफी-प्लास्टी होते त्या खोलीत, नर्स म्हणून मला अकरा वर्षं झाली, त्याआधी पाच वर्षं ठाण्यात होते. नवीन आलेल्या सिस्टर आणि ब्रदर आरसीआयएस या कॅथलॅबच्या सर्टिफिकेट परीक्षेबद्दल विचारतात, "मॅडम, आरसीआयएस करायचंय, पुस्तक कुठलं घेऊ?" मी सांगते, पुस्तक नंतर, आधी तुझी फाईल आण.

माझं घोडं तिथेच अडलं होतं. ठाण्यात शेकडो अँजिओ आणि प्लास्टीच्या केसेस केल्या, प्रायमरीसाठी (हार्ट ॲटॅकच्या पेशंटची तातडीची प्लास्टी) रात्री दोनला रिक्षा शोधत धावले. नोकरी सोडताना हातात पडलेल्या अनुभवपत्रात दोनच ओळी होत्या: 'स्टाफ नर्स म्हणून कार्यरत होत्या. वर्तणूक चांगली.' कॅथलॅब हा शब्दच नाही. काही वर्षांनी दुरुस्तीसाठी गेले, तर इन्चार्ज सिस्टर आणि कार्डिओलॉजिस्ट दोघंही तिथून गेलेले. ती पाच वर्षं मला अर्जात धरताच आली नाहीत. आजही वाईट वाटतं.

म्हणून नोकरीत असतानाच लेटरहेडवर पत्र घ्या. विभाग कॅथलॅब, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की नाही, कोणत्या प्रोसिजर केल्या, हे सगळं त्यात हवं आणि खाली विभागप्रमुखांची सही. सोबत एक वही ठेवा. केस झाली की तारीख, प्रोसिजर, रेडियल (मनगटातून) की फेमोरल (जांघेतून) आणि तुमचं काम काय होतं (स्क्रब म्हणजे टेबलाशी हात देणं, सर्क्युलेटिंग म्हणजे बाहेरून सामान-औषधं देणं, की मॉनिटरिंग) एवढं लिहा. पेशंटचं नाव मात्र लिहायचं नाही. आरसीआयएस ही अमेरिकेतल्या कार्डिओव्हॅस्क्युलर क्रेडेन्शिअलिंग इंटरनॅशनलची परीक्षा. तिच्या अनुभवावर आधारलेल्या मार्गात ६०० प्रोसिजरची अट असते. वही नसेल तर हा आकडा आठवणीतून काढणार कसा?

परदेशी जायचा विचार असेल किंवा लॅबमध्येच मुरायचं असेल, तर आरसीआयएस करा. पण ती नर्सिंगची नोंदणी नव्हे. परदेशात नर्स म्हणून काम करायला तिथला परवाना वेगळा काढावा लागतो. इथेच राहून पुढे शिकायचं असेल, तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कार्डिओथोरॅसिक नर्सिंगमधला एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा बघा. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू हवी. एसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावरच्या तातडीच्या उपचारांच्या प्रशिक्षणाचं) कार्डही बघून ठेवा, ते दोन वर्षांत संपतं.

आता अभ्यास. औषधं आणि ॲनाटॉमी आपल्याला जमतात. आपण कच्च्या असतो त्या मॉनिटरवरच्या प्रेशरच्या रेघांत, कारण मॉनिटर टेक्निशियनचा, असं आपण धरून चालतो. एका केसमध्ये हृदयाच्या डाव्या कॉरोनरीत (रक्तवाहिनीत) कॅथेटर, म्हणजे नळी, बसला आणि १३०/८० चं प्रेशर बघता बघता ९०/२० झालं. रेघेवरचा डायक्रॉटिक नॉचही (उतरत्या भागातली छोटी खाच) गेला. मी म्हटलं, "सर, प्रेशर पडलंय, डाय देऊ नका." सरांनी कॅथेटर मागे घेतला आणि रेघ पुन्हा उभी राहिली. कॅथेटरच्या टोकाने रक्तवाहिनीचं तोंड अडवलेलं असताना डाय (एक्स-रेत रक्तवाहिनी दाखवणारं औषध) मारला, तर पेशंट व्हीएफमध्ये, म्हणजे हृदयाच्या जीवघेण्या थरथरीत, जाऊ शकतो. लाईनमध्ये हवेचा बुडबुडा असला किंवा जोड सैल असला, तरीही रेघ चपटी होते. हा फरक टेबलाशी उभं राहूनच कळतो. मोकळ्या वेळात टेक्निशियनशेजारी बसा, स्क्रीनवरचं नाव हाताने झाका आणि रेघ कुठली ते ओळखा: आरए (उजवा वरचा कप्पा), आरव्ही (उजवा खालचा कप्पा), पीए (फुप्फुसाची धमनी) की वेज (त्या धमनीच्या टोकाशी अडकवून घेतलेलं प्रेशर).

गणितं मी ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये सोडवायचे. ऐरोली ते तुर्भे दहा गणितं होतात. सिस्टॉलिकमध्ये डायस्टॉलिकची दुप्पट मिळवा आणि तिनाने भागा, की मीन (सरासरी) प्रेशर मिळतं: १२०/९० असेल तर १००. फ्रेंचला (कॅथेटरच्या जाडीचं माप) तिनाने भागलं की मिलिमीटर, म्हणजे ६ फ्रेंच बरोबर २ मिलिमीटर. हे तोंडपाठ हवं.

रेडिएशनवर प्रश्न येतातच: वेळ, अंतर, आडोसा. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई. पण परीक्षेपुरतं नको. टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) छातीवर, लेड (शिशाच्या) अप्रनच्या आत लावा. केस संपल्यावर तो अप्रनलाच टांगलेला राहतो, हे मी कितीदा पाहिलंय. हात धरून सांगते, बाई, तो काढून जागेवर ठेव.

शेवटचं, नाव. कौन्सिलच्या दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, अनुभवपत्रावर तिसरंच काहीतरी. अर्जातलं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही, तर परीक्षा केंद्रावर अडवतात. फी भरायच्या आधी हे निस्तरा. माझ्या लॅबमधल्या एकीचं नाव बदलाच्या गॅझेटचं काम अजून चालू आहे. तोवर दुपारच्या डब्यानंतर आम्ही दोघी रोज दोन वेव्हफॉर्म (प्रेशरच्या रेघा) सोडवतो.