छोट्या महाविद्यालयात लेखनाचा दिवस कसा घ्यावा: तारखेपासून पुस्तिकेपर्यंत

साहित्याचा कार्यक्रम करायचा ठरला की समितीत पहिला प्रश्न येतो, ‘पाहुणे कोण?’ हा प्रश्न निदान दोन आठवडे बाजूला ठेवा. आधी हे ठरवा की आलेला प्रत्येक विद्यार्थी घरी जाताना स्वतः लिहिलेले, कुणीतरी नीट वाचलेले आणि एकदा तरी सुधारलेले एक पान सोबत नेईल. वर्ग, वेळ, विषय, परीक्षक, चहा हे सगळे त्या पानासाठी आहे. इंदूरच्या एखाद्या लहान महाविद्यालयात एक वर्गखोली, पंचवीस-तीस विद्यार्थी आणि दोन उत्साही प्राध्यापक एवढ्यावर हे नक्की जमते.

तारीख आणि परवानगी

सहा आठवडे हातात ठेवा. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन मनात येतोच, पण परीक्षा तोंडावर असतील तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा. नवरात्र टाळा. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस तर टाळाच, कारण आदल्या रात्री अर्धे शहर झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला रस्त्यावर असते आणि सकाळी वर्ग रिकामे राहतात. महू, देवास, राऊकडून रोज अप-डाउन करणारे विद्यार्थी बरेच असतील तर कार्यक्रम अकराला सुरू करून साडेतीनला संपवा. चारनंतर गाडीच्या वेळेमुळे एकेक जण उठू लागतो आणि शेवटी वाचणाऱ्याला श्रोते उरत नाहीत.

प्राचार्यांची परवानगी लेखी घ्या. अर्जात खोली क्रमांक, वेळ, माइक, किल्ली कोणाकडे राहणार आणि जबाबदार प्राध्यापकाचे नाव या पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात. खोली निवडताना बाके हलतात का हे बघा. जमिनीला ठोकलेल्या बाकांवर चौघांचे गट बसू शकत नाहीत, मागे वळून बोलावे लागते आणि गटचर्चा पाच मिनिटांत मोडते.

मराठी, हिंदी की दोन्ही?

इंदुरात हा प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा लागतो. घरी अस्खलित मराठी बोलणारी, पण शाळेत मराठी कधीच न शिकलेली मुले इथे पुष्कळ आहेत. लिपी एकच असल्यामुळे वाचायला अडचण नसते, लिहायला मात्र हात बिचकतो. त्यांना ‘तुझे मराठी कच्चे आहे’ असे कुणी एकदा म्हटले की ती परत येत नाहीत. म्हणून नियम असा करा: पहिल्या मसुद्यात शुद्धलेखनाला गुण नाहीत, अडेल तिथे हिंदी शब्द चालेल, दुसऱ्या मसुद्यात तो बदलायचा की ठेवायचा हे लेखकाने ठरवायचे.

दुरुस्ती करताना नेहमीच्या चार चुका फळ्यावर लिहून ठेवल्या की निम्मे काम होते. हिंदीच्या सवयीने ‘कवि’, ‘गुरु’ लिहिले जाते. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून ‘कवी’, ‘गुरू’. पण सामासिक शब्दात ‘कविसंमेलन’, तिथे ऱ्हस्वच. ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. चंद्रबिंदू आणि अक्षराखालचा नुक्ता मराठीत लागत नाहीत.

मराठी आणि हिंदी लेखन एका व्यासपीठावर जरूर यावे, पण गुणांची यादी एकच ठेवू नका. दोन्ही भाषांत सारखे मुरलेले परीक्षक क्वचित मिळतात आणि ज्या भाषेत कान तयार असतो तिकडे गुण झुकतात. या शहराला दोन्ही परंपरा आहेत. मराठी साहित्य संमेलन इथे १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये भरले. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे हिंदी साहित्य संमेलन १९१८ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये इथेच झाले. माळव्याशी घट्ट नाते असलेल्या मुक्तिबोधांच्या घरात थोरले गजानन माधव हिंदीत लिहीत होते आणि धाकटे शरच्चंद्र मराठीत. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगा. आपली जोडभाषा हे वैगुण्य नाही, हे त्यांना भाषणापेक्षा अशा उदाहरणातून लवकर पटते.

विषय कसा द्यावा

‘पाऊस’, ‘आई’, ‘माझे स्वप्न’ असे विषय दिले की तीस पाने एकसारखी येतात. विषय मोठा असला की मन पाठ असलेल्या ओळींकडे धावते. लहान जागा, ठरलेली वेळ आणि एक माणूस द्या. उदाहरणार्थ: ‘सराफ्यात दागिन्यांच्या दुकानांची शटर खाली येत आहेत आणि खाण्याच्या गाड्या लागत आहेत. त्या अर्ध्या तासात तिथला एक माणूस काय करतो ते लिहा. त्याच्या मनात काय आहे ते सांगू नका, हात काय करत आहेत ते दाखवा.’ यात नक्कल करण्याजोगे तयार काही नाही, त्यामुळे विद्यार्थ्याला स्वतः पाहिलेलेच आठवावे लागते. असे तीन विषय तयार ठेवा आणि पाकिटातून तिथल्या तिथे एक काढा. आदल्या दिवशी सांगितलेला विषय लोक मोबाइलवरून उतरवून आणतात.

दीड तासाची कार्यशाळा

हा दिवसाचा गाभा आहे. एका मार्गदर्शकामागे चोवीसपेक्षा जास्त विद्यार्थी घेऊ नका. चौघांचे सहा गट होतात आणि प्रत्येक गटाजवळ एकदा तरी जाऊन बसता येते. मोबाइल दप्तरात. लिहायला एकरेघी कागद, प्रत्येकी चार. स्टेशनरी खजुरी बाजारातून एकदम आणली की स्वस्त पडते.

पहिली दहा मिनिटे प्रस्तावना न करता थेट लिहायला लावा: आज घरातून निघाल्यापासून इथे पोचेपर्यंत ऐकलेले तीन आवाज. पेन थांबवायचे नाही, खोडायचे नाही. हे कुणालाही दाखवायचे नसते, फक्त हात सैल होतो.

पुढची पंधरा मिनिटे एखादे उत्तम पान मोठ्याने वाचा आणि त्यातल्या एकाच गोष्टीवर बोला. लेखकाने वस्तू कशा निवडल्या, एवढेच. रस, अलंकार, लेखकाचा जीवनपट इथे नको. वर्गातले व्याख्यान सुरू झाले की मुले वही उघडून टिपणे काढू लागतात आणि लेखन थांबते.

मग तीस मिनिटे संपूर्ण शांततेत लेखन. मार्गदर्शकानेही लिहावे. बाकांमधून फिरत डोकावू नये, त्याने लिहिणारा आखडतो. पंधरा मिनिटांनी वेळ सांगा, पाच मिनिटे उरली की पुन्हा एकदा.

त्यानंतर वीस मिनिटे गटात, प्रत्येकाला पाच. दोन मिनिटांत लेखकाने वाचायचे, तीन मिनिटे बाकीच्यांनी बोलायचे. बोलण्याचा क्रम ठरलेला असावा: आधी कुठली ओळ लक्षात राहिली, मग कुठे वाट चुकल्यासारखे वाटले. ‘छान आहे’ चालणार नाही. लेखकाने या तीन मिनिटांत काही बोलू नये, कारण तो समजावून सांगू लागला की कागदावर काय कमी पडले हे त्याला कळतच नाही.

शेवटची पंधरा मिनिटे पुनर्लेखनाची. सगळे पान नको, पहिल्या पाच ओळीच. वेळ कमी पडला की आयोजक नेमका हाच भाग कापतात. तो कापू नका, वाटल्यास वाचनातली पाच मिनिटे घ्या. पुनर्लेखन म्हणजे काय हे फळ्यावर एकदा करून दाखवा. मूळ ओळ:

‘पाऊस पडत होता आणि त्याचे मन उदास होते.’

सुधारल्यावर:

‘छत्रीची एक काडी वाकली होती. पाणी त्याच्या डाव्या खांद्यावरच गळत होते, पण त्याने छत्री फिरवून धरली नाही.’

उदास हा शब्द गेला आणि उदासी आली. विद्यार्थ्यांना विचारा, छत्री न फिरवण्यातून काय कळले? उत्तरे वेगवेगळी येतात. ती सगळी फळ्यावर लिहा आणि पुढे चला.

कुणी घरातले दुःख लिहिले तर ते गटात वाचण्याचा आग्रह धरू नका. ‘हे वाचायचे नाही’ म्हणण्याची मुभा सुरुवातीलाच सगळ्यांना द्या. गंभीर काही दिसले तर कार्यक्रमानंतर त्या विद्यार्थ्याशी एकट्याने, शांतपणे बोला.

स्पर्धा ठेवलीच तर

तासाभरात तीनशे ते चारशे शब्दांची कथा, जागेवर बसून. कागदावर फक्त क्रमांक. नाव आणि वर्ग वेगळ्या चिठ्ठीवर, बंद पाकिटात. लहान महाविद्यालयात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून ही काळजी अधिकच हवी. दोन परीक्षकांनी वेगवेगळे, वीसपैकी गुण द्यावेत. दोघांत पाचपेक्षा जास्त फरक पडला तर ती कथा तिसऱ्याला द्या, सरासरी काढून मोकळे होऊ नका.

निकाल त्याच दिवशी लावण्याचा मोह टाळा. एक कथा नीट वाचायला आठ मिनिटे धरली तर तीस कथांना चार तास लागतात. पाऊण तासात उरकलेल्या परीक्षणात सुवाच्य अक्षर जिंकते. तीन दिवस द्या आणि प्रत्येक कागदावर दोन ओळींचा अभिप्राय मागा. विद्यार्थी बक्षीस विसरतात, तो कागद जपून ठेवतात. परीक्षकांसाठी महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या शहरातल्या जुन्या संस्थांकडे विचारणा करा. बक्षिसाला पुस्तके द्यायची असतील तर मागणी तीन आठवडे आधी नोंदवा. हवी ती मराठी पुस्तके बऱ्याचदा पुण्या-मुंबईहून मागवावी लागतात.

लेखन घरून मागवले असेल तर टंकलेल्या मजकुराची अडचण येते. सायबर कॅफेत आणि कार्यालयांत अजून कृतिदेव हा युनिकोड नसलेला जुना फॉन्ट चालतो. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सगळी कविता रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडते. सूचनेतच लिहा: युनिकोडमध्ये टंकित आणि पीडीएफ करून, नाहीतर हाताने लिहून.

वाचन

बारा वाचक, प्रत्येकी चार मिनिटे, मध्ये एक मिनिट, म्हणजे बरोबर एक तास. वीस ओळींची कविता दोन मिनिटांत होते, पाचशे शब्दांचे गद्य साधारण पाच घेते. हे आधी घड्याळ लावून वाचून बघायला सांगा. चाळीस श्रोत्यांपर्यंत माइक नसला तरी चालतो, फक्त वाचताना डोक्यावरचा पंखा बंद करा. माइक असेल तर तो हनुवटीच्या थोडा खाली धरायला शिकवा. ओठांना चिकटवला की ‘प’ आणि ‘फ’ फटाक्यासारखे फुटतात. ध्वनिचित्रण करून बाहेर टाकायचे असेल तर प्रत्येकाची संमती आधी घ्या.

दीपप्रज्वलन, वंदना, स्वागत, परिचय, शाल-श्रीफळ यांना दहा-दहा मिनिटे गेली तर पन्नास मिनिटे संपतात, म्हणजे दहा विद्यार्थ्यांचे वाचन. सगळे मिळून बारा मिनिटांत बसवा. पाहुणे एकच बोलवा, वीस मिनिटे बोलायला सांगा आणि त्यांना निवडक लेखन दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे ते मुलांच्या ओळींवर बोलू शकतील.

पोहे शेवटी. मध्यंतरात दिले की निम्मे श्रोते बाहेरच रमतात. पन्नास माणसांना पाच किलो कोरडे पोहे आणि पाच लिटर चहा पुरतो. शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वेगळे ठेवा.

भित्तिपत्रक आणि पुस्तिका

२२ × २८ इंचांच्या कार्डशीटवर उभ्या मांडणीत चार ए-फोर पाने बसतात आणि वर चार इंच शीर्षकाला उरतात. जिन्याजवळ, डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि महिन्याभरात बदला.

पुस्तिका पंधरा दिवसांच्या आत निघाली नाही तर बहुधा निघतच नाही. ए-फोर कागद मध्ये दुमडून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा: चार कागद, सोळा पाने. मुखपृष्ठ, अनुक्रम, बारा जणांचे लेखन प्रत्येकी एक पान, संपादकीय आणि मागचे पान. अशा पानावर बारा पॉइंटच्या अक्षरात सुमारे अठ्ठावीस ओळी मावतात, त्याहून लांब कविता असेल तर लेखकाला विचारूनच काय ते ठरवा. छापण्याआधी चार कोरे कागद दुमडून पानांचे क्रमांक पेन्सिलीने टाका. सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १ येतात, दुसऱ्या बाजूला २ आणि १५. हा नमुना झेरॉक्सवाल्याच्या हातात दिला की पाने उलटसुलट होत नाहीत. मध्ये टाचायला लांब हाताचा स्टेपलर लागतो, साधा पोचत नाही.

छापण्यापूर्वीचे पान प्रत्येक लेखकाला एक रात्र तपासायला द्या. लेखनाचा हक्क त्याचाच राहतो हे आतल्या पानावर छापा. आडनावांचे लेखन कार्यक्रमाच्या दिवशीच ज्याच्या-त्याच्या हाताने वहीत उतरवून घ्या. दोन प्रती ग्रंथालयात दाखल क्रमांक टाकून जमा करा.