इंग्लंडच्या वॉर्डवर नवी भारतीय नर्स आली की या चुका टाळा

‘ओके?’ तुम्ही विचारता. ‘ओके,’ ती म्हणते. हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देणं, संपला आणि तुम्ही निर्धास्त झालात, तर पहिली चूक तिथेच झाली. मेट्रनसमोर ‘कळलं नाही’ म्हणायची आपल्याकडे सोय नव्हती, हे इथे येऊन पाच वर्षं झाली की आपणही विसरतो. त्यापेक्षा विचारा, ‘सहा नंबरच्या आजोबांचं आता आधी काय करशील?’ गोंधळ असेल तर उत्तरातच दिसेल.

दहा वर्षं आयसीयूत काढलेली बाईसुद्धा ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा पास होऊन पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळेपर्यंत इथे नोंदणीकृत नर्स नसते. हे तिला बोचतं. त्यात ‘तुला येतंच की’ म्हणून सरावाचे तास रोटामध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, कापू नका. पहिला प्रयत्न रुजू झाल्यापासून 12 आठवड्यांत द्यावा लागतो, आणि परीक्षेत हातच्या कौशल्याइतकीच इथली पद्धत बघतात.

शुगरचं एकक आवर्जून सांगा. आपल्याकडे 72 (mg/dL) म्हणतात ते इथल्या मीटरवर 4 (mmol/L) दिसतं. इथला आकडा 18 ने गुणायचा, बस. चारच्या खाली गेली की हायपो, म्हणजे शुगर धोक्याइतकी कमी. हे कुणी सांगितलंच नाही, तर मीटरवर 18 (म्हणजे आपल्याकडचे 324) बघून ती क्षणभर थबकणारच.

बेडबाथला ती मागे राहते? आळशी ठरवू नका. भारतात ते काम बहुतेकदा मावशी किंवा नातेवाईक करतात. एकदा सोबत उभं राहून करून दाखवा.

सगळ्यात धोक्याची चूक रात्रीची. नाडी, श्वास, रक्तदाब वगैरेंवरून पेशंट किती ढासळतोय ते सांगणारा न्यूज-2 चा स्कोअर 5 झाला की डॉक्टरला तातडीने बोलवायचं, 7 झाला तर इमर्जन्सी. तिला नियम पाठ असतो, पण ‘साहेबांची झोपमोड’ ही भीती विमानातून सोबत आलेली असते. पहिल्याच नाइटला तिच्यादेखत तुम्ही फोन लावा, पुढचा तिला लावू द्या. कार्डिअ‍ॅक अरेस्टचा 2222 हा नंबरही तेव्हाच दाखवा.

बोलीचं म्हणाल तर, आजी ‘स्पेंड अ पेनी’ म्हणाल्या की त्यांना सुटे पैसे नको असतात, बाथरूमला जायचं असतं. मी एकदा पर्स शोधून दिली होती.

ब्रेकरूममध्ये मराठी खुशाल बोला, पेशंटच्या उशाशी मात्र नको. त्यांना वाटतं, आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय.